दोन्ही बाजूंनी दिसणारा माणूस

कवी हा दोन खंडांना जोडणारा पूल असतो. हे वाक्य निमंत्रणपत्रिकेच्या माथ्यावर सोनेरी अक्षरांत छापलं होतं. त्याखाली अध्यक्ष, उद्घाटक, स्वागताध्यक्ष, प्रमुख पाहुणे, विशेष अतिथी अशी अकरा नावं होती. बाराव्या ओळीत, बारीक टायपात, पुलाचं नाव होतं. तो ऑस्ट्रेलियातून आला होता. ज्या बाईंनी त्याचं आत्मचरित्र मराठीत आणलं, त्यांचं नाव मागच्या पानावर स्वागत समितीतल्या पंधरा महिलांमध्ये होतं, वर्णानुक्रमे.

या सगळ्याला मी थोडा जबाबदार आहे, म्हणून आधी माझं सांगून टाकतो. मी सोलापुरात एका कॉलेजात इंग्रजी शिकवत असे आणि माझी पीएच.डी. ऑस्ट्रेलियन कवितेवर आहे. ऐकणाऱ्याला वाटतं की मला त्या देशाची ओढ असणार. तसं काही नाही. मी विषय मागायला गेलो तेव्हा मार्गदर्शक म्हणाले, "इंग्लंड भरलंय, अमेरिका भरलीय, ऑस्ट्रेलियात जागा आहे." एसटीचा कंडक्टर मागची सीट दाखवतो तसं त्यांनी मला ऑस्ट्रेलिया दाखवलं आणि मी जाऊन बसलो. तिथल्या कवितेतल्या एकाकीपणावर मी साडेतीनशे पानं लिहिली. ती आजवर तीन लोकांनी वाचली, त्यांतल्या दोघांना त्याचं मानधन मिळालं.

बाई सांगोल्याच्या. हायस्कुलात इंग्रजी शिकवून निवृत्त झालेल्या. माहेर मेंढपाळांचं, भाऊ अजून मेंढरं राखतो. आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयात कुणीतरी देणगी दिलेल्या परदेशी पुस्तकांचा एक खोका आला होता. त्यात या कवीचं आत्मचरित्र होतं. ते त्यांच्या हाती कसं लागलं कोण जाणे, पण लागलं. मग सहा वर्षं दर शनिवारी त्या सांगोल्याहून एसटीनं येत, खिडकीजवळच्या टेबलाशी बसत आणि फुलस्केप वहीत अनुवाद करत. पुस्तक घरी न्यायची परवानगी बाहेरच्यांना नव्हती. अनुवाद करायची परवानगी लागते, हे त्यांना पाचव्या वर्षी कळलं.

कधीकधी त्या माझ्यासमोर वही ठेवत.

"सर, हितं मेंढी कातरताना कातडीला कात्री लागती. तो माणूस जखमेला डांबर लावतो. आमच्यात हळद लावत्यात."

"मग हळद लिहा."

"नको. हळद लावली की मेंढी सांगोल्याची हुती. डांबरच ठिवते. त्यांची मेंढी हाय, त्यांना काय लावायचं ते लावू दे."

माझ्या साडेतीनशे पानांत इतकं शहाणं वाक्य एकही नाही.

पुण्याचे एक प्रकाशक छापायला तयार झाले, पण त्यांची अट साधी होती: लेखकाची सही असलेली लेखी परवानगी आणा, मग बोलू. पुस्तकाचे हक्क कवीकडेच होते. बाईंनी मला विचारून त्याला ईमेल लिहिली. उत्तर आलं, तेही सरळ होतं. हे पुस्तक माझ्या वडिलांबद्दल आहे, त्यानं लिहिलं. त्यामुळे भावंडं माझ्याशी बोलत नाहीत. ते दुसऱ्या भाषेत जावं की नाही हे माझं ठरत नाही. एकदा एकाला नाही म्हणालोय. पुढच्या महिन्यात मी हैदराबादहून पुण्याला रेल्वेनं जाणार आहे, तुमचं सोलापूर वाटेवर दिसतं. अर्धा दिवस उतरतो. तुम्हाला भेटतो आणि मग ठरवतो.

बाईंनी ती ईमेल छापून घेतली आणि पिशवीत ठेवली. मला म्हणाल्या, "सर, मला बाकी काय नको. एक खोली, दोन खुर्च्या आन् च्या. ते इच्यारतील ते मी सांगीन. कागद मी टाइप करून आणते, फक्त सही."

एक खोली आणि दोन खुर्च्या मिळवायला मी साहित्य मंडळाकडे गेलो. माझी पहिली चूक ही.

मंडळाचे अध्यक्ष उद्योजक आहेत आणि कवीही. त्यांच्या कारखान्यातून टॉवेल निघतात आणि वहीतून गझला. टॉवेलांबद्दल कुणाची तक्रार नाही. मी बोलत होतो तोवर ते शांत होते, "ऑस्ट्रेलिया" हा शब्द आल्यावर त्यांनी चष्मा काढला.

"म्हणजे फॉरेनचा?"

"हो. पण त्यांना समारंभ नकोय. बाईंना भेटायचंय फक्त."

"सर, असं कसं? माणूस सात समुद्र ओलांडून येणार आणि आपण त्याला खुर्चीवर बसवून चहा पाजणार? सोलापूरची काय राहिली मग?"

सोलापूरची काय राहते आणि काय जाते याचा हिशेब त्यांच्याकडेच असतो. आठ दिवसांत सभागृह ठरलं, पत्रिका छापल्या आणि "परिचय सरच करून देतील" असं जाहीर झालं. इथे माझा विरोध संपला. मी घरी जाऊन चार पानी परिचय लिहायला घेतला. त्यात "अंतर्मनाचे वाळवंट" हा शब्दप्रयोग दोनदा आला होता. दोन्ही मला आवडले होते.

मग अध्यक्षांना कल्पना सुचली. आमच्याकडे माणसाचा चेहरा कापडात विणतात. टॉवेलसारखंच जाड कापड, दोन रंगांचं सूत, आणि भिंतीवर लावायला वरून दांडी. नेत्यांची, देवांची, निवृत्त होणाऱ्या साहेबांची अशी वॉलहँगिंग इथे घरोघरी आहेत. अध्यक्षांनी ठरवलं, कवीचा चेहरा विणायचा, चार फूट बाय सहा फूट. त्यांच्या कारखान्यात डिझाइन काढणारे एक म्हातारे मास्तर आहेत, घरी तेलुगू बोलणारे, चेहरा विणण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नाही. ते माझ्याकडे फोटो मागायला आले.

"पुस्तकावर आहे की," मी म्हणालो आणि ग्रंथालयातून पुस्तक काढून दिलं.

मराठी आत्मचरित्राच्या मुखपृष्ठावर लेखक असतो. हनुवटीखाली हात घेतलेला, नजर वाचकाच्या डोक्यावरून पलीकडे, जणू मागे कुणी पुरस्कार घेऊन उभं आहे. याला अपवाद मी पाहिलेला नाही. या पुस्तकावर एक साठीचा माणूस होता. डोक्यावर रुंद काठाची हॅट, पांढऱ्या भरघोस मिशा, मागे मेंढ्यांचा कळप. लेखकाचा स्वतःचा फोटो आतल्या कव्हरच्या घडीवर असावा. ती घडी आमच्या ग्रंथालयानं बाइंडिंग करताना कापून टाकली होती. सगळ्याच पुस्तकांची टाकतात.

आठवड्यानं मास्तर संगणकावर काढलेला नमुना घेऊन आले. "सर, बगा की एकदा. मिशीचा केसन् केस धरलाय."

मी तेव्हा परिचयातलं दुसरं वाळवंट घासत होतो. "उत्तम," मी न बघता म्हणालो.

आता उरलेलंही सांगतो. मी ते आत्मचरित्र वाचलंय असं सगळीकडे सांगत असे. मी तीन प्रकरणं वाचली होती. कविता सगळ्या वाचल्या होत्या, पण गद्य लांब होतं आणि माझी पदवी मिळून गेली होती.

कवी सकाळच्या गाडीनं उतरला. पंचाहत्तरीचा, उंच, किंचित वाकलेला, गुळगुळीत दाढी केलेला माणूस. खांद्यावर एक कापडी पिशवी, एवढंच सामान. स्टेशनवर मंडळाचे नऊ लोक हार घेऊन उभे होते. त्याच्या नजरेनं त्या नऊ जणांत बाईंना शोधलं, पण बाई सभागृहात रांगोळीवर नेमलेल्या होत्या. दुपारी साडेतीनला त्याची पुण्याची गाडी होती.

कार्यक्रम दहाचा होता. प्रमुख पाहुणे अकलूजहून यायचे होते, ते पावणेबाराला आले. तोवर कवीला व्यासपीठावर एकट्याला बसवून ठेवलं, म्हणजे लोकांना दिसावा. मग दीपप्रज्वलन. वरचा पंखा बंद करायला कुणी तयार नव्हतं, कारण उकडत होतं, त्यामुळे ज्योत सहा वेळा लावली आणि सहा वेळा गेली. सातव्या वेळी फोटोग्राफर म्हणाला, "लागली असं धरा."

बाई व्यासपीठावर होत्या, पण तबक घेऊन. आमच्याकडे सत्काराच्या शाली आणि नारळ मोठ्या तबकात ठेवतात आणि ते तबक धरून एक बाई उभी असते. सत्कार करणारा त्यातून शाल उचलतो. त्या बाईचा सत्कार होत नाही. आमच्या बाईंनी हे काम मागून घेतलं होतं, कारण तबक कवीच्या खुर्चीशेजारी राहणार होतं. टाइप केलेला परवानगीचा कागद त्यांनी तबकात, खालच्या शालीच्या घडीत ठेवला होता. मध्ये जरा फुरसत मिळाली की कागद काढायचा, नाव सांगायचं, बोलायचं. असा त्यांचा बेत होता.

फुरसत मिळाली नाही. कवीच्या आधी अकरा जणांचा सत्कार होता, एकमेकांच्या हस्ते. अध्यक्षांनी पाहुण्यांचा केला, पाहुण्यांनी अध्यक्षांचा केला. चौथ्या की पाचव्या सत्काराच्या वेळी कुणीतरी घाईत खालची शाल ओढली. बाईंचा हात मागोमाग गेला, पण त्यात तबक होतं. शाल अकलूजच्या पाहुण्यांच्या खांद्यावर गेली, घडीसकट आणि घडीतल्या कागदासकट. पाहुण्यांनी ती काढून आपल्या माणसाकडे दिली, माणसानं गाडीत ठेवली. बाई तशाच उभ्या. नारळाचं पाणी कुठूनतरी त्यांच्या मनगटावरून ओघळत होतं आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता.

भाषणं झाली. "ऑस्ट्रेलिया म्हटलं की आपल्याला काय आठवतं?" पहिल्या वक्त्यानं विचारलं. क्रिकेट, हे त्यानंच सांगितलं. दुसऱ्यानं सांगितलं की ऑस्ट्रेलिया म्हटलं की सर्वांना क्रिकेट आठवतं, पण आज क्रिकेटवर बोलायचं नाही, आणि मग तो क्रिकेटवर बोलला. तिसऱ्यानं कांगारूच्या पिशवीत मातृत्व पाहिलं. अध्यक्षांनी गझल म्हटली. मी व्यासपीठावर कडेच्या खुर्चीत होतो, पण माझा परिचय वेळेअभावी रद्द झाला. चार पानं खिशात राहिली. त्यातलं वाळवंट कुणाच्या कामी आलं नाही. कवी हे सगळं एक शब्द न कळता ऐकत होता आणि अधूनमधून तबक धरलेल्या बाईंकडे पाहत होता. ती कोण हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. सांगणं माझ्या परिचयात होतं, तिसऱ्या पानावर.

अडीच वाजता निवेदक म्हणाले, "आणि आता तो क्षण!"

दोन कार्यकर्त्यांनी दांडीला लावलेलं वॉलहँगिंग आणून व्यासपीठामागच्या भिंतीवर खिळ्याला अडकवलं. अध्यक्षांनी वरचं कापड ओढलं.

काम अप्रतिम होतं, हे मान्य करायलाच हवं. काळ्या सुतावर पांढरा चेहरा, हॅटच्या कडेची सावली, मिशीचा केसन् केस. खाली "महाकवी" असं विणलेलं, त्याखाली अध्यक्षांचं आणि मंडळाचं नाव. टाळ्या वाजल्या. मागच्या रांगेत डिझाइनचे मास्तर उभे राहून हात जोडत होते.

कवी खुर्चीतून उठला. वॉलहँगिंगकडे वळला आणि तसाच राहिला.

अध्यक्ष माझ्या कानाशी म्हणाले, "मिशा काढल्या वाटतं साहेबांनी."

तेवढ्यात माझ्या उजव्या बाजूनं बाईंचा आवाज आला, हळू नव्हे, वर्गात मागच्या बाकापर्यंत जातो तेवढा. "अहो, हे त्यांचे वडील हायत!"

बाई माझ्याकडे बघत म्हणाल्या, "सर, चौथं प्रकरण! ह्योच फोटो घरात लावला हुता. जेवायच्या आदी पोरांनी त्याच्यापुढं उभं ऱ्हायचं. ह्यांच्या कवितांची वही त्यानं चुलीत घातली. सर, तुमी वाचलंय न्हवं?"

मी तिसऱ्या प्रकरणात थांबलो होतो.

अध्यक्ष क्षणभरच गोंधळले. सार्वजनिक जीवनात त्यांनी याहून मोठे प्रसंग पचवलेत. त्यांनी माइक घेतला. "मंडळी, आत्ताच कळलं की हे आपल्या कविवर्यांचे पूज्य पिताश्री आहेत. मी म्हणतो, दुधात साखर! अशा थोर पुत्राला जन्म देणाऱ्या पित्याचा सत्कार करण्याचं भाग्य सोलापूरला लाभलं!"

टाळ्या पहिल्यापेक्षा जोरात पडल्या. निवेदकांना राहवलं नाही. त्यांनी पुढे येऊन विचारलं, "वडील हयात आहेत?" मी यांत्रिकपणे मान हलवली, नाही; तेवढं कवितांत येऊन गेलं होतं. "तर मग आपण सर्वांनी दोन मिनिटं स्तब्ध उभं राहून पिताश्रींना श्रद्धांजली वाहू या."

अडीचशे माणसं उठून उभी राहिली. माना खाली. कवीला कुणी काही समजावलं नव्हतं, पण माना खाली गेल्या की काय चाललंय हे कुठल्याही देशातल्या माणसाला कळतं. पंचाहत्तरीचा तो माणूस बापाच्या चेहऱ्यासमोर हात बाजूला धरून उभा होता. मी खाली मान घालून त्याचे बूट बघत होतो.

मला आधी तबक ठेवल्याचा आवाज आला. मान वर केली तर बाई भिंतीपाशी पोचल्या होत्या. त्यांनी पायातल्या चपला काढल्या, पदर खोचला, एका खुर्चीवर चढून दांडी खिळ्यावरून उचलली आणि वॉलहँगिंग उलटं करून, तोंड भिंतीकडे, परत अडकवलं. हेही चौथ्या प्रकरणात आहे. वडील गेले त्या दिवशी मुलानं पहिली गोष्ट हीच केली होती. मी ते नंतर वाचलं. त्या क्षणी सभागृहात ते माहीत असलेली दोनच माणसं होती आणि ती एकमेकांकडे बघत होती.

पण सोलापूरचं काम म्हणजे सोलापूरचं काम. दोन रंगांचं सूत मागेही तेवढंच येतं, फक्त उलटं. कापड फिरवलं तर मागच्या बाजूनं तोच माणूस बाहेर बघत होता, आता पांढऱ्यावर काळा, हॅट पांढरी आणि मिशा काळ्याभोर. दहा वर्षांनी तरुण झाल्यासारखा. मागच्या रांगेतून, श्रद्धांजलीच्या शांततेत, मास्तरांचा अभिमानानं भरलेला आवाज आला, "दोन्ही साइडनं येतंय बगा!"

कवी हसला. आधी नाकातून, मग खांदे हलायला लागले, मग त्याला खुर्चीची पाठ धरावी लागली. लोकांना वाटलं तो रडतोय. पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी डोळ्यांना पदर लावला. दुसऱ्या दिवशी एका वर्तमानपत्रात "पित्याच्या आठवणीने महाकवी गहिवरले" असा मथळा होता.

त्यानंतर बाई आणि कवी बोलले ते सभागृहापासून स्टेशनपर्यंत, गाडीच्या मागच्या सीटवर, सुमारे वीस मिनिटं. मी पुढे बसलो होतो. बाईंचं इंग्रजी पुस्तकी आहे, पण थांबत नाही. त्यांनी हळदीची गोष्ट सांगितली. त्यानं विचारलं, मग तुम्ही जखमेला डांबरच ठेवलंत का? बाई म्हणाल्या, ठेवलं. त्यानं विचारलं, तुमचे वडील कसे होते? बाई म्हणाल्या, मेंढरांशी चांगले होते. तो म्हणाला, माझे मेंढरांशीही नव्हते. मग दोघंही आपापल्या खिडकीबाहेर बघत राहिले. मला त्या वेळी पुढच्या सीटवर असल्याचं बरं वाटलं.

स्टेशनवर डब्याच्या दारात उभं राहून त्यानं पेन काढलं आणि हात पुढे केला. बाईंनी सांगितलं की कागद शालीत होता आणि शाल अकलूजच्या वाटेला लागली. मी खिशातला चार पानी परिचय पुढे केला, मागची बाजू कोरी होती. त्यानं तो हातात घेतला, उलटून बघितला, आणि गाडी हलली. अध्यक्षांच्या लोकांनी प्लास्टिकमध्ये बांधलेलं वॉलहँगिंग दारातून आत ढकललं. त्याच्या हातात एकीकडे त्याचा बाप होता आणि दुसरीकडे माझी चार पानं. सही राहिली.

पुढचे अडीच महिने बाई दर शनिवारी आल्या. वहीची शेवटची वीस पानं त्यांनी पुन्हा लिहिली. परवानगीबद्दल एकदाही बोलल्या नाहीत. मी ईमेल करू का, विचारलं, तर म्हणाल्या, "नगं. त्यास्नी ठरवू दे." मी त्या काळात चौथं प्रकरण वाचलं, आणि मग बाकीचीही. अध्यक्षांनी समारंभाचे फोटो मोठे करून मंडळाच्या कार्यालयात लावले. त्यांपैकी कशातही बाई नाहीत. एकात तबकाची कड दिसते.

मग पाकीट आलं, ग्रंथालयाच्या पत्त्यावर, बाईंच्या नावानं. आत माझाच परिचय होता. तिसऱ्या पानाच्या कोऱ्या बाजूवर, हातानं, परवानगी लिहिली होती, सही आणि तारखेसकट. बाईंनी ती दोनदा वाचली, घडी घातली, आणि या वेळी ब्लाउजमध्ये ठेवली. मग खालच्या दोन ओळी मला वाचायला सांगितल्या, कारण त्यांचा चष्मा ओला झाला होता.

त्यानं लिहिलं होतं की वडिलांनी जन्मभर कुत्र्याला घरात पाऊल टाकू दिलं नाही. त्याच्याकडे आता दोन कुत्री आहेत, ती वॉलहँगिंगवर झोपतात, आणि तीनदा धुऊनही रंग गेलेला नाही.